कर्नाळ्याची हरियाल वाट : दम लागणाऱ्यांनी जावं का?

जावं, जरूर जावं. पण किल्ल्यावर नाही, खालच्या जंगलातल्या वाटेवर.

दुसरा जिना चढून झाला की तिसऱ्याच्या तोंडाशी उभं राहून मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचल्याचं सोंग ज्यांना करावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी त्याच जातकुळीतला. राहायला नेरूळला, नोकरी वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, एका पेढीवर हिशेब लिहायची. सकाळी खुर्चीत बसलो की जेवायला उठायचं आणि मग एकदम घरी जायला. वजन नव्वदीच्या पार, रक्तदाबाची गोळी सुरू, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "चाला." कुठे, किती, कसं, हे त्यांच्या चिठ्ठीत नव्हतं. ते मला माझ्या भाचीकडून कळलं. ती खारघरला राहते, दर शनिवार-रविवारी कुठल्यातरी डोंगरावर असते आणि "मामा, तू ये तर खरा" हे तिचं पालुपद आहे.

भटकंतीवर लिहिणारी बहुतेक मंडळी सडसडीत असतात. "एक तासात आरामात माथा गाठता येतो" हे वाक्य त्यांच्या दृष्टीनं खरंच असतं. आपल्यासारख्यांनी त्यावर विसंबून निघू नये. मध्यंतरी मी पैसे भरून एका ग्रुपबरोबर गेलो होतो. जाहिरातीत 'सर्व वयोगटांसाठी' असं ठसठशीत लिहिलेलं. पहिल्या अर्ध्या तासात पुढारी आणि त्याची तरुण पलटण दिसेनाशी झाली. मागे राहिलो मी आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू. आमच्या मागे कोणीच नाही. थांबावं तर वाट चुकायची भीती, परतावं तर बस दुसऱ्या बाजूला उतरल्यावर मिळणार. म्हणजे छातीत धडधडत असतानाही पुढेच जायचं, दुसरा इलाज नाही. त्या ग्रुपचं नाव इथे लिहीत नाही, कारण असे ग्रुप पुष्कळ आहेत. पण पैसे भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : सगळ्यात मागे कोण चालणार? "तशी काही गरज पडत नाही" असं उत्तर आलं तर घरी झोपलेलं बरं.

त्या दिवसापासून कुठलीही वाट जोखायची माझी पहिली कसोटी एकच. जिथे दम संपेल तिथून मागे वळता येतं का? चढ किती, अंतर किती, हे सगळं त्याच्यानंतर. मागे वळता येत असेल तर साधारण चढही चालतो. वळता येत नसेल तर सपाट रस्ताही जड जातो. दुसरं, बसायला जागा आणि सावली. तिसरं, शौचालय. यावर कोणी लिहीत नाही, पण पन्नाशीनंतर, त्यातही रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल, तर अर्धी सहल त्यावरच ठरते. चौथं, घरी परतायला वाहन.

या चारही कसोट्यांवर माझ्या पाहण्यात कर्नाळा सगळ्यात वर आहे.

कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलपासून बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला अगदी लागून आहे. १९६८ साली जाहीर झालं. सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, पुढे वाढवून बाराच्या आसपास झालं. नेरूळहून हार्बर लोकलनं पनवेल आणि तिथून पेण-अलिबागकडची साधी एसटी. कंडक्टरला "अभयारण्य" म्हटलं की पुरतं. वाटेत शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, त्यांचा जन्म इथलाच, १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. खिडकीतून किल्ल्याचा तो उभा सुळका दिसायला लागला की माझ्या मनात हमखास येतं, की त्या माणसाचं काम वरचं असेल, घर खाली असेल, तर त्याच्या गुडघ्यांचं काय होत असेल? सुळका सव्वाशे फुटांचा आहे. जुन्या नोंदींत त्याला पांडूचा मनोरा म्हटलंय, लोक नुसतं 'अंगठा' म्हणतात.

दारावर तिकीट काढायचं. पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे मोजतात आणि अनामत घेतात. परतताना तेवढेच नग दाखवले की पैसे परत. काही लोक यावरून हुज्जत घालताना दिसले. मला तर ही पद्धत पटली. हिशेबाच्या माणसाला जमा-खर्च जुळला की बरं वाटतं. घरून स्टीलची बाटली नेली तर प्रश्नच मिटतो.

आत शिरल्यावर सुरुवातीची वाट रुंद आहे, दोघं गप्पा मारत शेजारी शेजारी चालू शकतील अशी. हा पट्टा नवशिक्यांसाठी फार मोलाचा. इथे आपला वेग ठरवून घ्यायचा. भाचीनं शिकवलेली युक्ती अशी : चालता चालता सलग बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता येत असेल तर आपण रेंगाळतोय, बोलणंही तुटत असेल तर धावपळ चाललीये. घड्याळ नको, नाडी मोजणं नको. मी तिला पेढीवरचे किस्से सांगत चालतो. किस्सा अर्ध्यावर थांबला की ती आपोआप थांबते.

पुढे हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आहेत, आणि किल्ल्याची वाट वेगळी. आपण हरियाल धरायची. पायथ्याच्या जंगलातून जाते, थोडी चढते, थोडी उतरते, पण अंगावर येत नाही. साग, ऐन, कुंभा, मध्येच बांबूची बेटं. बहुतेक वाटभर डोक्यावर पान आहे. नोव्हेंबरात इथे सकाळी नऊलाही अंगाला गारवा लागतो, आणि त्याच वेळी नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर रुमाल पिळायची वेळ आलेली असते.

आणि हवं तिथून मागे फिरा, कोणी विचारणार नाही. इथे 'माथा' नाही, त्यामुळे 'अर्ध्यावर सोडलं' असं काही नाहीच. पक्षी बघायला आलेली माणसं तर मुद्दामच दहा पावलं चालतात आणि पाऊण तास उभी राहतात. लठ्ठ माणसाला याहून सोयीची संगत मिळणार नाही. आपण धापा टाकत उभे असलो तरी बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी दुर्मीळ दिसलंय याला! एकदा एक कॅमेरेवाले गृहस्थ हळूच माझ्या शेजारी येऊन "कुठे आहे?" म्हणून विचारते झाले. मी एका फांदीकडे बोट केलं. नशिबानं तिथे खरंच भृंगराज बसला होता, शेपटीच्या त्या दोन लांब तारा हलवत.

मला पक्ष्यांतलं कळत नाही. तरी उभं राहायला कारण मिळालं म्हणून बघायला लागलो आणि आता नावं यायला लागलीत. सगळ्यांना हवा असतो तो तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, अंगावर नारिंगी, जांभळा, निळा असे सगळे रंग सांडलेले. तो पावसाच्या तोंडावर इथे येतो, ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करून घरटं करतो. रायगड जिल्ह्याचा तो जिल्हापक्षी आहे. त्याच्यासाठी जूनमध्ये फोटोवाल्यांची गर्दी उसळते. मी त्या गर्दीत जात नाही. एक तर घरट्याशी माणसांनी घोळका करणं मला बरं वाटत नाही, आणि दुसरं, पावसात इथली माती आणि दगड असे निसरडे होतात की माझ्या वजनाचा माणूस बसला तर उठवायला चौघं लागतील. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावं. ऑक्टोबरात उकाडा असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर सावलीतही घामाच्या धारा लागतात.

किल्ल्याचं विचाराल तर तोही लोक 'सोपा' म्हणूनच सांगतात. शिवकाळात हा दोनदा स्वराज्यात आला, आधी १६५७ आणि पुरंदरच्या तहात गेल्यावर पुन्हा १६७० मध्ये. महत्त्वाचा होता तो बोरघाटातून कोकणात उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला, म्हणजे उंच आणि अवघड असणं हीच त्याची नोकरी. वरच्या टप्प्यात चढ खडा आहे, खडकातल्या पायऱ्या आहेत. सुळक्याला आग्या मोहळं असतात, त्यामुळे वर आरडाओरडा, धूर, अत्तर काही चालत नाही. मुख्य म्हणजे सरावाच्या माणसाचा वर जाण्याचा वेळ आपण दुप्पट धरायचा आणि मग उतार राहतोच. चढताना दम लागतो, पण गुडघे जातात ते उतरताना. ही गोष्ट वर पोचेपर्यंत कळत नाही हीच त्यातली मेख. मी किल्ल्याच्या वाटेवर पहिल्या खड्या चढापर्यंत जातो, दगडावर बसतो, घरून आणलेली शेंगदाण्याची चिक्की खातो आणि परततो. भाची वर जाऊन येते. कोणाचंच काही बिघडत नाही.

कर्नाळ्यात एकदम उडी मारायचीही गरज नाही. घराजवळ आधी पाय मोकळे करून घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. ती मिनिटं कर्नाळ्याला रोज जाऊन होणार नाहीत. नेरूळकरांना त्यासाठी ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे. पाण्याभोवतीची सपाट वाट, बाकडी आहेत, माणसांची वर्दळ आहे. ते पाणी म्हणजे नुसता शोभेचा तलाव नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून सिडकोनं हे धारण तलाव ठेवले. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी इथे थांबतं आणि ओहोटीला खाडीत सोडतात. ज्वेलबद्दल माझी तक्रार एकच, की वाट गोल आहे. अर्ध्यावर दमलात तर मागे जा किंवा पुढे जा, अंतर तेवढंच. आणि तलावापलीकडून आपली गाडी समोर दिसत असते, हातभर लांब, पण पाण्याच्या त्या बाजूला! नवशिक्यानं इथे फेरी मारू नये. दहा मिनिटं जावं, वळावं, दहा मिनिटांत परत यावं. पुढच्या आठवड्यात बारा मिनिटांवर वळावं. असं करत करत एक दिवस फेरी आपसूक पुरी होते.

फ्लेमिंगोंसाठी मात्र नेरूळला तोड नाही. हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत खाडीत असतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीनं चिखल बुडाला की आतल्या तळ्यांकडे, डीपीएस शाळेजवळच्या तलावाकडे सरकतात. म्हणजे चालायला जाताना भरतीची वेळ बघून जायचं. त्यासाठी ॲप आहे, पण आमच्या सारसोळ्याच्या मासळीवालीनं सांगितलेला कोळ्यांचा हिशेब जास्त भरवशाचा : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पाच-दहा मिनिटं काय, अर्धा तास इकडेतिकडे होईल, पण सकाळच्या फेरीला एकादशी-द्वादशी उत्तम. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी खाऊन सुस्त पडण्यापेक्षा हे बरं, असं बायकोचं मत. आहे हे योग्यच.

खारघरच्या टेकडीचा डांबरी रस्ता फणसवाडी-चाफेवाडीच्या पाड्यांकडे चढत जातो. कुठल्याही वळणावरून परतता येतं म्हणून माझ्या कसोटीला उतरतो, पण सावली नाही. सूर्य वर यायच्या आत उतरणार असाल तरच जा. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला बंदी घालतात ती पाळा. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत.

ठाणेकर म्हणतील, आमचं येऊर काय वाईट? वाईट अजिबात नाही. उपवनच्या पुढे चढत जाणाऱ्या रस्त्यावर झाडी दाट आहे, संजय गांधी उद्यानाचाच तो भाग. तिथे मामा-भाचे नावाची टेकडी आहे, आणि भाचीला त्यावरून भलता उत्साह चढला होता. पण रविवारी सकाळी गाड्यांची रांग इतकी, की जंगलात यायचं आणि धूर खायचा. बुधवार-गुरुवार सुट्टी मिळणाऱ्यांनी जावं. अंधार पडायच्या आत खाली या, बिबट्यांचं घर आहे ते. ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रही छान, तिवरांमधून लाकडी पुलावरून चालता येतं, चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळं जवळून बघता येतात. मात्र ते चालणं नव्हे, फिरणं. म्हाताऱ्या आईला न्यावं असं ठिकाण.

सामानाचं थोडं. महागडे ट्रेकिंगचे बूट पहिल्या दिवशी घेऊ नका. दुकानदार बाजारातल्या आमच्या व्यापाऱ्यांपेक्षा गोड बोलतात. ज्याचा तळवा झिजलेला नाही आणि ज्यात बोटं पुढे आपटत नाहीत असा जुना बूट पुरतो. नवे घेणार असाल तर संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. काठी मात्र घ्या, लाज वाटू देऊ नका; उतारावर गुडघ्यावरचा भार ती खरोखर उचलते. पाणी माणशी दीड लिटर, त्यात एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गूळ किंवा ग्लुकोज ठेवावं आणि उपाशी पोटी निघू नये. चालताना छातीत दाब वाटला, जबडा किंवा हात दुखला, घाम सुटला तर ते 'सवय नाही म्हणून' समजू नका. थांबा, सोबत्याला सांगा आणि थेट डॉक्टर गाठा. माझ्या पेढीच्या शेजारच्या गाळ्यातले शेठ ते पित्त समजून दोन दिवस बसले होते. स्टेंट पडल्यावर आता तेही ज्वेलवर असतात.

खाण्याचं. जाताना पोटभर खाऊ नका, येताना पळस्पे फाट्यावर दत्त स्नॅक्सचा बटाटेवडा आहेच, वर कोकम सरबत. चालून जेवढं घटवलं तेवढं तिथे परत भरतं, हे मला ठाऊक आहे. भाचीनं नियम केलाय, एकच वडा. कर्नाळ्याच्या थोडं पुढे तारा गावात युसूफ मेहेरअली सेंटर आहे, तिथे घाण्याचं तेल मिळतं. हंगामात, म्हणजे फेब्रुवारीपासून पुढे, महामार्गावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. घ्या, पण माळेतला एक कांदा मानेशी दाबून बघा. मान मऊ लागली तर तो ओला आहे, पावसाळ्यापर्यंत टिकायचा नाही. आणि पांढरा दिसला म्हणजे अलिबागचाच असं नाही, आमच्या बाजारातूनही पुष्कळ पांढरा कांदा निघून त्या रस्त्याला लागतो.

आता परतीचं. या सगळ्या सहलीतला सर्वांत अवघड टप्पा जंगलात नाहीच, तो महामार्ग ओलांडण्याचा आहे. पनवेलची बस पलीकडून मिळते आणि गाड्या वेगात असतात. दमलेले पाय हळू चालतात हे लक्षात ठेवून मोठी फट मिळेपर्यंत थांबा. सगळ्या एसटी थांबत नाहीत, जलद गाड्या हात दाखवला तरी निघून जातात. म्हणून अकराच्या आत बाहेर या, म्हणजे उन्हात ताटकळावं लागत नाही. पनवेलपर्यंतच्या रिक्षाही मिळतात, भाडं आधी ठरवा. बसमध्ये जागा मिळालीच तर डाव्या बाजूला बसा. त्या वेळी उजवीकडच्या खिडक्यांतून ऊन थेट तोंडावर येतं.